'सिग्निफिकंट' म्हणजे नक्की काय? एका शब्दाचा प्रवास

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताना तुम्ही पेपर वाचता, तेव्हा एक शब्द हमखास भेटतो: सिग्निफिकंट. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ मोठा, महत्त्वाचा. पण पेपरच्या 'रिझल्ट्स'मध्ये तोच शब्द वेगळंच काहीतरी सांगत असतो. ही फारकत कशी झाली ते समजलं, की पेपर वाचण्याची नजरच बदलते.

मुळात होती 'खूण'

लॅटिनमध्ये 'सिग्नम' म्हणजे खूण. साइन, सिग्नल, सिग्नेचर ही सगळी त्याच घरातली मंडळी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'सिग्निफिकंट' इंग्रजीत रुळू लागला, तेव्हा त्याचा अर्थ होता 'काहीतरी सुचवणारा'. 'महत्त्वाचा' हा अर्थ नंतर चिकटला.

गंमत म्हणजे मराठीत आपण त्यासाठी 'लक्षणीय' म्हणतो आणि त्यातही 'लक्षण' दडलेलं आहे. ताप हे लक्षण. तो आजार किती गंभीर आहे ते सांगत नाही, फक्त 'आत काहीतरी आहे' एवढंच सुचवतो. हे उदाहरण डोक्यात ठेवा.

एजवर्थचा प्रश्न

१८८५ मध्ये फ्रान्सिस एजवर्थ या अर्थतज्ज्ञाने हा शब्द संख्याशास्त्रात आणला. त्याचं एक उदाहरण असं: २,३१५ गुन्हेगार आणि ८,५८५ सामान्य ब्रिटिश पुरुष यांच्या सरासरी उंचीत फरक दिसतो. हा फरक निव्वळ योगायोग आहे, की तो खरंच काही सुचवतो? म्हणजे शब्द अजून आपल्या जुन्या, 'खूण' या अर्थानेच वापरला जात होता. फरक मोठा आहे का, हा प्रश्नच नव्हता.

मग आला ०.०५

१९२५ मध्ये रोनाल्ड फिशरचं संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक आलं. त्यात त्याने २० पैकी १ ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. समजा, खरा फरक काहीच नाही. तरीही हाती आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती म्हणजे पी-व्हॅल्यू. ती ०.०५ पेक्षा कमी आली, तर निकाल 'सिग्निफिकंट'. पुढे स्वतः फिशरनेच लिहिलं की एकच पातळी डोळे झाकून सगळीकडे वापरणारा संशोधक नसतोच. पण तोवर सोय हा नियम होऊन बसला होता.

घोळ कुठे होतो?

एक काल्पनिक हिशोब करून बघू. रक्तदाबाच्या औषधाच्या दोन चाचण्या आहेत. दोन्हींत रीडिंगचं प्रमाण विचलन १५ मिमी धरा.

पहिल्या चाचणीत प्रत्येक गटात १०,००० माणसं, सरासरी फरक फक्त १ मिमी. प्रमाण त्रुटी येते सुमारे ०.२१. म्हणजे फरक तिच्या जवळपास पाचपट. निकाल: सिग्निफिकंट!

दुसऱ्या चाचणीत प्रत्येक गटात २० माणसं, फरक तब्बल ८ मिमी. प्रमाण त्रुटी सुमारे ४.७, पी-व्हॅल्यू ०.१ च्या आसपास. निकाल: नॉन-सिग्निफिकंट.

आता सांगा, रुग्णाच्या दृष्टीने कोणता फरक मोठा? १ मिमीने त्याला फारसं काही मिळणार नाही. आणि दुसरं औषध 'निरुपयोगी ठरलं' असं म्हणून फाइल बंद केली, तर कदाचित एक चांगलं औषध आपण हातचं घालवू. पुरावा अपुरा असणं आणि परिणाम नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आजच लक्षात आलंय असं नाही. एडविन बोरिंग या मानसशास्त्रज्ञाने १९१९ मध्येच गणिती आणि वैज्ञानिक महत्त्व यांतला फरक मांडला होता. शंभरेक वर्षांनी, २०१६ मध्ये, अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला अधिकृत निवेदन काढून सांगावं लागलं की पी-व्हॅल्यूवरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व कळत नाही. २०१९ मध्ये 'नेचर'मधल्या एका लेखाने 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' ही भाषाच सोडून द्या असं आवाहन केलं, त्याला ८०० हून अधिक संशोधकांनी पाठिंबा दिला. अर्थात सगळ्यांना ते पटलं नाही. वाद अजून चालू आहे.

तुम्ही काय कराल?

पेपर वाचताना हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा. फरक नेमका किती? त्याची विश्वास-मर्यादा किती रुंद? आणि त्या विषयात एवढ्या फरकाने खरंच काही बिघडतं किंवा सुधारतं का? स्वतः लिहिताना 'मोठा' म्हणायचं असेल, तर सरळ आकडा द्या. मराठीत लिहीत असाल तर आणखी जपा, कारण 'लक्षणीय घट' वाचणारा ती भरपूर घट आहे असंच समजणार.

ताप दिसला म्हणून डॉक्टर लगेच निदान लिहीत नाहीत, पुढची तपासणी करतात. पी-व्हॅल्यूचंही तसंच आहे.