रेडिओ मॉस्कोची पत

परदेशी श्रोत्यांशी त्यांच्याच भाषेत बोलावे ही कल्पना बीबीसीची, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. लंडनची एम्पायर सर्व्हिस डिसेंबर 1932 मध्ये सुरू झाली ती जगभर पसरलेल्या आपल्याच गोऱ्या माणसांसाठी, इंग्रजीत. तिथून अरबी बोलले जायला 1938 साल उजाडले. रेडिओ मॉस्को मात्र 1929 च्या ऑक्टोबरमध्येच जर्मनमधून बोलू लागला होता आणि पाठोपाठ फ्रेंच व इंग्रजी कार्यक्रमही आले. पुढे या केंद्राला साधनांची ददात कधीच पडली नाही. सोव्हिएत संघाच्या अफाट भूमीवर आणि बाहेर पार क्यूबापर्यंत त्याच्या सेवेतले ट्रान्समीटर होते. 1978 मध्ये इंग्रजी ‘वर्ल्ड सर्व्हिस’ चोवीस तास सुरू झाली, तेव्हा शॉर्टवेव्हवर काटा फिरवताना मॉस्को लागला नाही असे क्वचितच घडे. एवढे सगळे असूनही जगात कुठे काही विपरीत घडले की माणसे खरेखोटे करायला मॉस्को लावत नसत, लंडन लावत. असे का, याचे उत्तर बहुधा ‘प्रचार’ या एका शब्दात दिले जाते. मला ते अपुरे वाटते.

कारण प्रचार करायला तिथे माणसे सुमार नव्हती. ज्यो अदामोव यांची अमेरिकी ढंगाची इंग्रजी आणि त्यांचा ‘मॉस्को मेलबॅग’ हा पत्रोत्तरांचा कार्यक्रम कित्येक दशके चालला. अडचणीचे प्रश्नही ते घेत आणि थट्टेच्या सुरात टोलवत. व्लादिमीर पोझनर यांचा जन्म पॅरिसचा आणि बालपण न्यूयॉर्कमधले. उत्तर अमेरिकेसाठीच्या प्रक्षेपणात ते बोलू लागले की बोलणारा परका आहे हे अमेरिकनालाही ओळखू येत नसे. म्हणजे भाषा, आवाज, विनोद, यंत्रणा, कशातच कमी नव्हती. कमी होती ती एकाच गोष्टीची: आपल्या सरकारला न रुचणारी बातमी सांगण्याची मुभा. आकाशवाणी केंद्राची पत चांगल्या दिवसांत ठरत नाही, स्वतःच्या घरची वाईट बातमी द्यायची वेळ येते त्या दिवशी ठरते. मॉस्कोवर असे दिवस आले आणि प्रत्येक वेळी केंद्र त्यात नापास झाले.

मे 1983 मध्ये व्लादिमीर दान्चेव या इंग्रजी वृत्तनिवेदकाने अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांना सरळ आक्रमक म्हणायला सुरुवात केली. हे एकदा तोंडून निसटले असे नाही. काही दिवस हे चालले होते आणि केंद्रातल्या कुणाच्या ते ध्यानात आले नाही. ध्यानात आले बीबीसीच्या श्रवण विभागाच्या. मग दान्चेवना माइकवरून हटवून ताश्कंदच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. वर्षअखेरीस ते केंद्रात परतले, पण माइकसमोर नव्हे. या प्रकरणात त्यांच्या धैर्याइतकेच लक्षात घेण्याजोगे आहे ते केंद्राचे बहिरेपण: मजकूर वरून मंजूर झाला की तो कसा वाचला जातो याची कुणाला फिकीर नव्हती. तीन वर्षांनी, 26 एप्रिल 1986 च्या पहाटे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. 28 तारखेला सकाळी स्वीडनच्या फोर्समार्क प्रकल्पातील यंत्रांनी किरणोत्सार टिपला आणि विचारणा सुरू झाली, तेव्हा कुठे त्या रात्री ‘तास’ वृत्तसंस्थेचे चार-पाच वाक्यांचे निवेदन निघाले. रेडिओ मॉस्कोकडे त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. युरोपातल्या श्रोत्याला वाऱ्याची दिशा हवी होती आणि ती त्याला इतर केंद्रांकडून कळत होती.

यावर कुणी म्हणेल की पाश्चात्त्य केंद्रे तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? रेडिओ फ्री युरोपला वर्षानुवर्षे सीआयएचा पैसा मिळत होता, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ सरकारीच होती आणि बीबीसीची परदेश सेवाही ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चाले. हे सगळे मान्य. पण 1956 च्या सुएझ प्रकरणात पंतप्रधान ईडन यांच्या भाषणाला विरोधी पक्षनेते गेटस्केल यांनी दिलेले उत्तर बीबीसीने परदेशातही ऐकवले आणि अनुदान कापण्याच्या धमक्या सोसल्या. पैसा सरकारचा असूनही ते घडले, म्हणून पैशाचा मुद्दा मला निर्णायक वाटत नाही. याचा दुसरा पुरावा आपल्या घरचाच आहे. आणीबाणीत आकाशवाणीवर सेन्सॉर बसल्यावर आपल्याकडच्या माणसांनी बीबीसीच लावली. त्यांचे काही ब्रिटिश सरकारवर प्रेम नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतासारख्या देशात सोव्हिएत संघाबद्दल खरा जिव्हाळा होता, मग हे प्रक्षेपण वाया गेले असे कसे म्हणायचे? जिव्हाळा होता यात शंका नाही. पण तो कशातून आला ते पाहायला हवे. 18 डिसेंबर 1961 रोजी गोव्यात भारतीय सैन्य शिरत असताना सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. सोव्हिएत मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. आणि लोकवाङ्मय गृहामार्फत स्वस्तात मिळणारी गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तके मराठी घरांत पोचली. त्या पुस्तकांनी जेवढे मित्र जोडले तेवढे इंग्रजी बातम्यांनी जोडले असतील, हे मला पटत नाही. श्रोते रेडिओ मॉस्कोला हौसेने पत्रे लिहीत, उत्तरे आली की जपून ठेवत. पण ती हौस होती, भरवसा नव्हे.

भरवशाचा निवाडा अखेर सोव्हिएत राष्ट्राध्यक्षांनीच करून टाकला. ऑगस्ट 1991 च्या बंडात गोर्बाचेव्ह क्रिमियातल्या फोरोसच्या बंगल्यात कोंडले गेले, दूरध्वनी तोडले गेले. त्यांच्या माणसांनी जुने रेडिओ शोधून काढले, तारा जोडल्या आणि लावली ती बीबीसी, रेडिओ लिबर्टी आणि व्हॉइस ऑफ अमेरिका. याच केंद्रांचा आवाज दाबण्यासाठी त्यांचे राज्य खरखर सोडत आले होते. ती खरखर गोर्बाचेव्ह यांच्याच काळात, 1987 आणि 1988 मध्ये बंद झाली होती. सुटकेनंतरच्या पत्रकार परिषदेत बीबीसी सर्वांत चांगली ऐकू येत होती असे त्यांनी सांगितले. 1993 मध्ये रेडिओ मॉस्कोचे नाव ‘व्हॉइस ऑफ रशिया’ झाले आणि एप्रिल 2014 मध्ये त्याचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण थांबले.