थोरोचा हजेरीपट

सत्याग्रहाच्या संदर्भात थोरोचे नाव आपल्याकडे परिचयाचे आहे. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही, म्हणून १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढणारा हा गृहस्थ आमच्याच पेशातला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. १८३७ साली अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड या आपल्या गावी तो मास्तर झाला. पण मुलांना छडी मारणे मनाला पटेना, म्हणून दोन आठवड्यांतच त्याने ती नोकरी सोडली.

हजेरी घेण्याची सवय मात्र सुटली नसावी. १८५० नंतरच्या दशकात दर वसंतात तो रानोमाळ हिंडे आणि कोणत्या झाडाला कोणत्या दिवशी पालवी फुटली, कोणते फूल केव्हा उमलले, ते टिपून ठेवी. पुढे मोठ्या कागदांवर रकाने आखून त्याने या नोंदींची कोष्टके मांडायला घेतली. ते काम अर्धे टाकून १८६२ साली तो क्षयाने गेला. वय अवघे ४४. म्हणजे जवळजवळ माझेच.

दीडशे वर्षांनी बोस्टन विद्यापीठातले रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी त्या नोंदी घेऊन त्याच रानात गेले. झाडाझुडपांना आता सरासरी १८ दिवस आधी पालवी फुटते, असे त्यांना आढळले. पृथ्वीचा वाढता उष्मा आणि जवळच्या शहराची वाढ, या दोहोंनी तिथला वसंत अलीकडे ओढला आहे.

वसंत लवकर आला, तर बिघडले काय? बिघडते ते झाडांच्या पायाशी. हिवाळ्यात ही रानझाडे निष्पर्ण असतात. बर्फ वितळल्यावर, वरचे छत पानांनी झाकण्यापूर्वी, जमिनीलगतची इवली फुलझाडे मिळेल तेवढे ऊन पिऊन वर्षाची बेगमी करतात. आता झाडे सुमारे दोन आठवडे आधी जागी होतात, फुलझाडे जेमतेम एक. मधली उन्हाची मुदत तेवढी घटली.

थोरोने पाहिलेल्या जातींपैकी २७ टक्के जाती कॉन्कॉर्डमधून नाहीशा झाल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याला कारणे अनेक. पण ज्यांना आपली तारीख बदलता आली नाही, त्यांचीच पीछेहाट अधिक झाली.

वर्गात एखाद्या नावाला ‘हजर’ आले नाही, की आम्ही मास्तर त्या मुलाच्या घरी निरोप धाडतो. या गैरहजरांचा निरोप धाडायचा, तर तो आपल्याच घरी धाडावा लागेल.