झुरणी

'नॉस्टॅल्जिया'ला मराठीत 'स्मरणरंजन' म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याचं कसब मानायलाच हवं. आकाशवाणीवरची सकाळ, एसटीची जुनी तिकिटं, मे महिन्यातलं आजोळ, सगळं त्यात चपखल बसतं. गंमत एवढीच, की मूळ शब्दाच्या घरी जाऊन पाहिलं तर तिथे रंजन औषधालाही नाही. तिथे ताप आहे, अन्नावरची वासना उडालेला माणूस आहे, आणि बऱ्याचदा तो माणूस शिपाई आहे.

१६८८ साली बाझलच्या विद्यापीठात योहानेस होफर या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीचा प्रबंध सादर केला. घरापासून दूर गेलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या विकाराला लोकांत 'हाइमवे' हे साधं नाव होतं. घरदुखी म्हणावं तसं. पण ग्रीक नाव लागल्याशिवाय दुखण्याला डॉक्टरांत पत नव्हती. होफरने 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना हे दोन शब्द जोडून दिले. त्याने नोंदवलेल्या रुग्णांत बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण आहे. पोरगा इतका खंगला होता की हा आता जात नाही तर काय, असंच सगळे धरून बसले होते. शेवटी त्याला घरी धाडायचं ठरलं. निघायची तयारी नुसती दिसली आणि त्याचा श्वास मोकळा झाला. बर्न गाठायच्या आतच, वाटेत, तो बरा झाला.

आपल्याकडे यासाठी ग्रीक नाव लागलं नसतं. 'झुरणीला लागला', 'हाय खाल्ली', 'धसका घेतला' असं आपण म्हणतो. बाजारात विकलेली गाय नव्या दावणीला चारा तोंडात धरत नाही, तेव्हा 'खंत घेतली' म्हणतात. या सगळ्यांत माणूस (किंवा गाय) काहीतरी करतो. रोग बाहेरून येऊन चिकटत नाही. होफरच्या शब्दातही घर आतच होतं. पुढच्या तीनशे वर्षांत ते पद्धतशीरपणे बाहेर काढलं गेलं, असं मला वाटतं.

युरोपातल्या राजांच्या पदरी तेव्हा भाडोत्री स्विस पलटणी असत, म्हणून हा रोग सैन्याचा ठरला. गुराखी गाई वळताना जे सूर लावतात ते छावणीत कानावर पडले की शिपाई ढासळतात, पळून जातात, म्हणून त्या गाण्यावरच बंदी होती असं सांगतात. पण घराच्या ओढीने मरणं हे लढवय्या जातीला शोभत नव्हतं. १७०५ मध्ये योहान शॉयख्त्सर या स्विस विद्वानाने तोड काढली: ओढबीढ काही नाही, डोंगरातली माणसं सपाटीवर आली की जड हवेचा दाब त्यांच्या रक्ताभिसरणावर येतो. घरी पाठवणं जमत नसेल तर रुग्णाला निदान टेकडीवर नाही तर उंच मनोऱ्यात ठेवा! या सल्ल्याला हसावं की देशबांधवांची अब्रू राखण्याच्या त्याच्या धडपडीला दाद द्यावी, मला ठरवता येत नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ च्या काळात, उत्तरेच्या लष्करी डॉक्टरांनी 'नॉस्टॅल्जिया'चे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदवले. पन्नासहून अधिक मृत्यूंपुढे कारण म्हणून तोच शब्द लिहिलेला आहे. रोगाचं नाव म्हणून त्याची ही शेवटची मोठी हजेरी. त्याच युद्धातल्या शिपायांची धडधड, छातीत दुखणं, दम लागणं यांचा अभ्यास डॉक्टर जेकब द कोस्टाने केला आणि १८७१ मध्ये ३०० रुग्णांवर निबंध लिहिला. आजार मनातून हृदयात उतरला, 'सोल्जर्स हार्ट' झाला. पाठीवरच्या ओझ्याचे पट्टे छाती आवळतात म्हणून हे होतं, असं म्हणणारे डॉक्टरही निघाले. हृदय म्हणजे आता फक्त पंप होता.

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, डॉक्टर चार्ल्स मायर्सने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. तो इतका लोकप्रिय झाला की पुढे लष्कर घाबरलं. तोफगोळा जवळ फुटलेला नसतानाही माणसं थरथरत होती, मुकी होत होती. १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने ठरवलं की तपासणी होईपर्यंत कागदावर 'अद्याप निदान नाही, मज्जाविकार' एवढंच लिहायचं. उपचाराची रीतही उलटी झाली. रुग्णाला आघाडीजवळच ठेवायचं, लगेच उपचार करायचे, आणि तू लवकरच तुकडीत परतणार हे त्याच्या मनावर ठसवत राहायचं. घरी पाठवलं तर तो कायमचा हातातून जाईल, अशी धास्ती होती. होफरच्या वहीत घर हा इलाज होता, इथे ते पथ्य झालं.

ब्रिटिश सैन्यातल्या हिंदी शिपायांना याची झळ वेगळी लागली. डिसेंबर १९१४ पासून ब्रायटनच्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हेलियनमध्ये, त्यांचं इस्पितळ होतं. घुमट, झुंबरं, थाट राजेशाही. पण जखम भरली की पुन्हा फ्रान्सच्या खंदकात. घरी गेलेल्या पत्रांत या तक्रारीचा सूर सारखा येतो. पत्रं सेन्सॉरच्या हातून जात, म्हणून 'काळी मिरी' म्हणजे हिंदी पलटण आणि 'लाल मिरी' म्हणजे गोरी पलटण अशी परिभाषा त्यांनी केली होती. हे लोक घरी जाण्यासाठी स्वतःच जखमा करून घेतात, असाही संशय होता. ब्रायटनच्याच दुसऱ्या इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी हजार जखमा तपासून अहवाल केला. आरोपाला आधार मिळाला नाही. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या, तिथल्या कूतच्या वेढ्यातही अडकल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात त्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांची शिळा आहे. परत आलेल्यांनी सोबत काय आणलं, ते शिळेवर कोरत नसतात.

व्हिएतनाममध्ये घर आणखी एका रीतीने निसटलं. दुसऱ्या महायुद्धातले शिपाई आठवडे-आठवडे जहाजात एकमेकांशी बोलत परतले होते. व्हिएतनाममधला अमेरिकन जवान मात्र साधारण वर्षाची मुदत भरली की एकटाच विमानात बसे, आणि दोन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात उभा असे. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा माजी सैनिकांनी आपले गट जमवून बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट लिफ्टन आणि चाइम शॅटन हे मानसतज्ज्ञ त्यांत येऊन बसत. त्या रेट्यातून १९८० साली अमेरिकी मनोविकारांच्या सूचीत 'पीटीएसडी', म्हणजे 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसॉर्डर', दाखल झालं. नाव बिनचूक आहे. त्यात आघात आहे, नंतरचा काळ आहे, विकार आहे. घर कुठेच नाही, आणि रात्री शेजारी निजलेली, त्याच्या ओरडण्याने दचकून उठणारी बाईही नाही.

तिला उपचाराच्या खोलीत खुर्ची मिळायला बराच उशीर लागला. २०१२ मध्ये मानसतज्ज्ञ कँडिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी जोडीदारांपैकी एकाला हा विकार असलेल्या ४० जोडप्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकूण १५ बैठका, दोघांनी मिळून. ज्यांना उपचारासाठी थांबायला सांगितलं होतं त्यांच्या तुलनेत उपचार घेतलेल्यांची लक्षणं घटली, आणि रुग्णांना आपलं नातंही बरं वाटू लागलं. चाळीस जोडपी म्हणजे काही मोठा आकडा नाही, पण दार किलकिलं झालं.

मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना होमर वाचत होते. म्हणून 'नोस्टोस' जिथला आहे तिथेच जावं. होमरच्या 'ओडिसी'त दहा वर्षं ट्रॉयच्या युद्धात आणि दहा वाटेत घालवून ओडिसियस घरी येतो. वाटेत परक्या दरबारात ट्रॉयचं गाणं ऐकून तो अंगरखा तोंडावर ओढून रडला होता. त्याची बायको पेनेलपी मात्र धावत येऊन गळ्यात पडत नाही. समोर बसते, बघत राहते. मग दासीला सांगते, याचा पलंग खोलीबाहेर आणून घाला. तो भडकतो. पलंग हलेलच कसा? जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या खोडाचा पाया करून त्याने तो स्वतःच्या हाताने घडवलेला. हे त्या दोघांना आणि एका दासीला सोडून कुणाला ठाऊक नाही. तेव्हा कुठे तिचे गुडघे लटपटतात.

त्या रात्री ती वीस वर्षांतलं सोसणं सांगते आणि तो आपलं सांगतो. सगळं सांगून होईपर्यंत ती डोळा मिटत नाही. अथेना देवी पहाट अडवून धरते. उजाडल्यावर तो चिलखत चढवून पुन्हा बाहेर पडतो, म्हाताऱ्या बापाला भेटायला.