पहाटपूर्व आरवणे : कारणे, प्रकार आणि सहवास

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील; त्यांचा अर्थ आधी निश्चित करणे आवश्यक आहे. ‘परस’ म्हणजे घराच्या मागील दाराला लागून असलेली, त्याच कुटुंबाच्या वहिवाटीतील मोकळी जागा. कोकणातील घरांत खुराडे, उकिरडा, शेवगा आणि केळी येथेच असतात, आणि पुढील विचार मुख्यतः अशाच परसाचा आहे. ‘आरवणे’ म्हणजे वयात आलेल्या नराने मान ताणून, ठरावीक लयीत, साधारण दोन सेकंदांत पूर्ण केलेला उच्च स्वर. घार दिसताच काढलेला इशारा किंवा दाणा सापडल्यावर कोंबड्यांना बोलावणारा स्वर त्यात मोडत नाही. ‘पहाटपूर्व’ म्हणजे तांबडे फुटण्याच्या आधीचा काळ. पंचांगकार अरुणोदयाचा आरंभ सूर्योदयापूर्वी चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटे, मानतात. विवेच्य आरवणे या मर्यादेच्या आसपास आणि पुष्कळदा तिच्याही आधी घडते.

विवेच्य प्रश्न असा : या आरवण्याचा कोणता अंश मनुष्याच्या उपायांनी बदलतो आणि कोणता बदलत नाही? उपाय कारणावर चालतो, परिणामावर चालत नाही. म्हणून कारणांचे पृथक्करण प्रथम केले पाहिजे.

आरवण्याची पूर्वअट पुंस्त्व ही आहे. १८४९ साली गॉटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृषणे काढून टाकलेल्या पक्ष्यांचा तुरा वाढला नाही आणि त्यांना आरवता आले नाही. ज्यांच्या उदरात वृषण पुन्हा बसवले ते पूर्ण नर झाले, आरवले, झुंजले. बसवलेल्या वृषणाचा मज्जातंतूंशी मूळचा संबंध उरलेला नव्हता. रक्तवाहिन्या मात्र नव्याने जोडल्या गेल्या होत्या. त्यावरून प्रभाव रक्तातून वाहतो असा निष्कर्ष निघाला, आणि अंतःस्रावशास्त्राचा आरंभ अनेक जण येथूनच मानतात. प्रस्तुत प्रश्नापुरता अर्थ इतकाच की आरवणे ही शिकवून लागलेली किंवा धाक दाखवून सुटणारी सवय नाही. कोंबड्याला ओरडणे, त्याच्यावर पाणी मारणे, खुराड्यावर काठी आपटणे हे सर्व उपाय या एका कारणाने निष्फळ ठरतात.

पूर्वअट पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष आरवण्याची निमित्ते वेगळी पडतात. निमित्तभेदाने पहाटपूर्व आरवण्याचे तीन प्रकार होतात : कालप्रेरित, प्रकाशप्रेरित आणि ध्वनिप्रेरित. दिवसभर आपल्या हद्दीची घोषणा करणारे आरवणे हा चौथा प्रकार मानता येईल, पण तो झोपेच्या आड येत नाही. म्हणून येथे सोडला आहे.

कालप्रेरित प्रकार सर्वांत महत्त्वाचा. उजेड दिसतो म्हणून कोंबडा आरवतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु उजेड दिसण्याआधीच तो आरवत असेल तर ती अपुरी ठरते. जपानमधील नागोया विद्यापीठातील त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ साली हा प्रश्न प्रयोगाने सोडवला. बारा तास प्रकाश आणि बारा तास मंद उजेड अशा क्रमात ठेवलेले कोंबडे दिवा लागण्याच्या सुमारे दोन तास आधीपासून आरवू लागत. पुढे दिवा लावणेच थांबवले आणि अखंड मंद उजेड ठेवला, तरी आरवण्याचे आवर्तन चालू राहिले. फक्त त्याची लांबी सुमारे २३.७ तास झाली. बाहेरची खूण नाहीशी झाल्यावरही आवर्तन टिकते, याचा अर्थ ते देहातच आहे. कोंबड्याच्या पिनीअल ग्रंथीत स्वतःचे घड्याळ असते आणि कवटीतून झिरपणारा प्रकाश ती थेट ग्रहण करते. बाहेरचा दिवस हे घड्याळ रोज जुळवतो, चालवत नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण सूर्याविषयी आहे. कोंबड्याविषयीही ती तितकीच खरी आहे, कारण झाकलेल्या कोंबड्याच्या देहात पहाट ठरल्या वेळी होतेच.

प्रकाशप्रेरित आणि ध्वनिप्रेरित हे प्रकार बाह्य निमित्ताचे आहेत. रस्त्यावरील दिवा, वळणावर घरावर पडणारा गाडीचा झोत, पहाटे न्हाणीघरात लागलेला बल्ब ही पहिल्याची उदाहरणे. शेजारच्या वाडीतील दुसरा कोंबडा हे दुसऱ्याचे. तथापि ही निमित्ते कालप्रेरणेपासून स्वतंत्र मानणे चूक होईल. त्याच प्रयोगमालेत असे आढळले की एकच प्रकाश किंवा एकच आवाज देहातील पहाटेच्या वेळी दिला तर कोंबडा अधिक आरवतो आणि अन्य वेळी दिला तर कमी. म्हणजे आतील घड्याळ दोन कामे करते : स्वतः आरवण्याची प्रेरणा देते आणि बाहेरच्या निमित्तांना किती प्रतिसाद द्यायचा हेही ठरवते.

आता एकाच परसात दोन किंवा अधिक नर असल्यास काय होते ते पाहू. २०१५ साली याच संशोधकांनी आणखी एका सहकाऱ्यासह दाखवले की पहाटेचे पहिले आरवणे गटातील सर्वश्रेष्ठ नराचे असते आणि बाकीचे नर आपल्या पायरीच्या क्रमाने मागून आरवतात. श्रेष्ठ नराला गटातून काढले की दुसऱ्या पायरीचा नर पहिला होतो. यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष पुष्कळ घरांत लक्षात घेतला जात नाही. सर्वांत आधी आणि सर्वांत जोराने आरवणारा कोंबडा देऊन टाकला तरी पहाटेचा आरंभ त्याच वेळी होतो, फक्त वेगळ्या गळ्यातून. नरांची संख्या एकावर आणली तरच ध्वनिप्रेरित प्रकार घटतो, आणि तोही शेजारच्या परसातील कोंबडा ऐकू येत नसेल तर.

आपल्या परसातील आरवणे कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे. वेळेची नोंद भिंतीवरच्या घड्याळाने न ठेवता सूर्योदयापासूनच्या अंतराने ठेवावी. रत्नागिरीच्या अक्षांशावर जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या उत्तरार्धात सातनंतर. पहिले आरवणे या फरकाबरोबर पुढेमागे सरकत असेल तर ते कालप्रेरित होय. ते मध्यरात्री किंवा अनियमित वेळी होत असेल तर बाह्य निमित्त शोधावे : दिवा, दुसरा कोंबडा, किंवा खुराड्याभोवती फिरणारे मुंगूस वा उदमांजर. या शेवटच्या शक्यतेत आरवण्यावर वैतागण्यापूर्वी खुराड्याची कडी तपासणे हे पालकाचे पहिले कर्तव्य आहे.

कारणांनंतर तीव्रतेचा विचार. कोंबड्याचा स्वर कंठातून निघत नाही. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या स्वरयंत्रातून तो निघतो. बेल्जियममधील अँटवर्प येथील संशोधकांनी २०१८ साली मोजणी केली तेव्हा एक मीटर अंतरावर १०० डेसिबलहून अधिक आणि खुद्द कोंबड्याच्या कानाशी १४० डेसिबलहून अधिक ध्वनी आढळला. चोच पूर्ण उघडताच त्याच्या कानाचा मार्ग काही अंशी मिटतो आणि पडद्याचा अर्धा भाग मऊ ऊतीने झाकला जातो. स्वतःच्या स्वरापासून त्याला हे संरक्षण आहे. खिडकी उघडी ठेवून निजणाऱ्या मनुष्याला नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनी सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १०० धरले तर ८ मीटरवर ८२, १६ मीटरवर ७६ आणि ३२ मीटरवर ७० उरतात. अंतराचा उपाय हळू फळतो, हे या आकड्यांतून दिसते.

येथून उपायांचे मूल्य ठरवता येते. गावठी कोंबडे आंब्याफणसाच्या फांदीवर निजतात. तिथून स्वर कोणत्याही अडथळ्याविना पसरतो. म्हणून रात्री कोंबडा खाली, बंद खुराड्यात घेणे ही पहिली पायरी. बांबूचे डालगे प्रकाश थोडा अडवते, पण त्याच्या विणीतून ध्वनी सरळ जातो. त्याचा उपयोग प्रकाशप्रेरित प्रकारापुरताच. चिऱ्याच्या जाड भिंतीचे, घट्ट दाराचे आणि घरांच्या विरुद्ध दिशेला झरोका असलेले खुराडे प्रकाशही अडवते आणि ध्वनीही बराच दाबते. मात्र झरोका बुजवू नये. कोकणच्या दमट उष्म्यात कोंदट खुराड्यातील विष्ठेचा अमोनिया कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो. मनुष्याच्या एका तासाच्या झोपेसाठी ही किंमत अन्याय्य आहे. गळ्याभोवती पट्टा आवळून स्वर दाबण्याची जी युक्ती काही ठिकाणी विकली जाते तीही याच कारणाने त्याज्य मानावी, कारण तिथे आवाज आणि श्वास यांत थोडेच अंतर उरते.

हे सर्व करूनही कालप्रेरित आरवणे राहतेच, फक्त मंद होते. तेव्हा प्रश्न निजणाऱ्याकडे वळतो. गाढ निद्रा रात्रीच्या पहिल्या भागात अधिक असते. उत्तररात्री निद्रा हलकी आणि स्वप्नमय होते. पहाटपूर्व आरवणे नेमके या हलक्या भागात येते, म्हणून तेवढ्याच आवाजाने पूर्वरात्रीपेक्षा सहज जाग येते. परिचयाने ही जाग पुष्कळ कमी होते : गणपतीला आलेला चाकरमानी पहिल्या पहाटे उठून बसतो, आणि त्याच ओटीवर निजलेल्या आजीला काही ऐकूही येत नाही. ज्याला परिचयाने साधत नाही त्याने निजण्याची वेळ आधी आणावी. कोंबड्याचे घड्याळ हलवता येत नाही. मनुष्याचे हलवता येते, आणि दोघांत तडजोड करण्याची क्षमता ज्याच्याकडे आहे त्यानेच ती करणे योग्य.

शेजाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण त्याने कोंबडा पाळण्याचे ठरवलेले नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या काळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ते परिसरातील ध्वनीचे मानक असून काही काळाच्या सरासरीवर बेतलेले आहे; दोन सेकंदांच्या स्वराची त्याच्याशी सरळ तुलना होत नाही. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरील मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्धचा दावा २०१९ साली रोशफोरच्या न्यायालयाने फेटाळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील संसदेने ग्रामीण परिसरातील ध्वनी व गंध यांना वारशाचे स्थान देणारा कायदा केला. हे तत्त्व विखुरलेल्या घरांच्या वाडीला लागू पडते. भिंतीला भिंत लागलेल्या नव्या वस्तीत ते लावणे मला न्याय्य वाटत नाही. तिथे फक्त कोंबड्या ठेवाव्यात. अंडी देण्यासाठी त्यांना नराची गरज नसते. नराची गरज दोनच कामांसाठी आहे. फलित अंडी हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. आणि कळप मोकळा चरत असेल तर आकाशातील घार आणि जमिनीवरील शत्रू यांसाठी वेगवेगळे इशारे देणारा रखवालदार तोच असतो.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांत सरासरीने निम्मे नर असतात. हे नर चार-पाच महिन्यांचे झाले की आरवू लागतात. त्यांतला कोणता ठेवायचा आणि बाकीच्यांचे काय करायचे हे त्याआधीच, शक्यतो शेजाऱ्याशी बोलून, ठरवलेले असावे.