ऑक्सफर्डची कर्जपेटी

मुलाच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला की आपल्या घराघरांतून दोन मते ऐकू येतात. ‘वाडी विकू, पण कर्ज नको,’ असे एक जण म्हणतो. ‘कर्ज काढू, पोरगा फेडील,’ असे दुसरा. विद्येसाठी कर्ज काढणे ही बँकांनी आणलेली नवी रीत आहे, असा दोघांचाही समज असतो. वस्तुतः ही रीत जवळजवळ आठशे वर्षांची आहे आणि तिचा उगम ख्रिस्तसभेच्या अंगणात झाला आहे.

१२०९ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड नगरात एका स्त्रीची हत्या झाली. संशयित विद्यार्थी पळून गेला, तेव्हा संतप्त नगरवासीयांनी त्याच्या सहनिवासी विद्यार्थ्यांना फासावर चढविले. गुरुजन नगर सोडून गेले. त्यांच्यातील काही केंब्रिजला स्थिरावले. अखेर १२१४ साली पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवून आणली. नगराने गरीब विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ५२ शिलिंग द्यावेत आणि संत निकोलसच्या सणाला शंभर गरीब विद्यार्थ्यांना भोजन घालावे, असे ठरले.

या दंडाच्या रकमेचे पुढे काय करावे? ऑक्सफर्ड तेव्हा लिंकन धर्मप्रांतात होते. तेथील विद्वान बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी १२४० साली त्याची व्यवस्था लावली. संत फ्रिड्सवाइडच्या मठात एक पेटी ठेवण्यात आली. तीतून गरजू विद्यार्थ्याला कर्ज मिळे. त्या काळी व्याज घेणे ख्रिस्तसभेच्या कायद्याने निषिद्ध असल्याने हे कर्ज बिनव्याजी असे. मात्र कर्जाहून अधिक मोलाची वस्तू तारण ठेवावी लागे आणि ती मुदतीत सोडविली नाही तर विकली जाई. बहुधा हे तारण म्हणजे हाताने लिहिलेला ग्रंथच असे. अमुक ग्रंथ अमुक पेटीत गहाण पडला, अशा नोंदी असलेली हस्तलिखिते आजही जपलेली आहेत. पुढे दानशूरांनी अशा अनेक पेट्या स्थापिल्या. काहींच्या नियमांत कर्जदाराने दात्यासाठी प्रार्थना करावी, अशीही अट होती.

बिशपमहोदयांना ही रक्कम भिक्षा म्हणून वाटून टाकता आली असती. त्यांनी कर्जाचा मार्ग निवडला. त्यामुळे विद्यार्थ्याचा स्वाभिमान राखला गेला आणि परत आलेला पैसा मागून येणाऱ्याच्या उपयोगी पडला.

हाच विचार आपल्या भूमीतही रुजला. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांकरिता निधी स्थापिला, तोही कर्जरूपाने देण्यासाठी. वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक. २००१ साली भारतीय बँकांनी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली आणि २००९पासून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारने व्याजात सवलत सुरू केली.

तथापि आजची बँक म्हणजे ग्रोसटेस्ट यांची पेटी नव्हे. सर्वसाधारणपणे शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ते सुरू होत नाहीत, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. आईबाप सहकर्जदार होतात; मोठ्या रकमेसाठी घर वा जमीन तारण द्यावी लागते. तेव्हाचा विद्यार्थी ग्रंथ गहाण ठेवी. आजचा आपल्या तारुण्याची दहा-पंधरा वर्षे गहाण ठेवतो.

म्हणून कर्जाची लाज नको, तशी घाईही नको. कोणता अभ्यासक्रम, त्यानंतर साधारण किती पगार, हप्ता किती आणि नोकरी लांबली तर तो कोण भरणार, हे मुलाला शेजारी बसवून कागदावर मांडावे. शिष्यवृत्तीची सर्व दारे आधी ठोठवावीत. उरलेल्या गरजेपुरतेच कर्ज घ्यावे. आणि लग्न-सणांवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनीही स्वतःस विचारावे: गरीब विद्यार्थ्यासाठी बिनव्याजी पेटी ठेवणे तेराव्या शतकात शक्य होते, तर ते आपल्याला का अशक्य असावे?