मलेरकोटल्याचा ‘हा दा नारा’

२०२२ पासून २६ डिसेंबर हा दिवस देशभर ‘वीर बाल दिवस’ म्हणून पाळला जातो. गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांची हकिकत त्या दिवशी शाळांतून सांगितली जाते. ती ऐकल्यावर माझ्या उर्दूच्या वर्गातील एका मुलाने हळूच विचारले, “सर, वजीर खान आपल्यातलाच होता ना?” मी म्हणालो, “होता. पण त्याच दरबारात शेर महंमद खानही होता.” हे दुसरे नाव आपल्या मुलांना माहीत नसते, म्हणून हा लेख.

सुमारे १७०५ चा पौष महिना. आनंदपूरचा किल्ला सोडल्यावर सरसा नदीकाठी गुरूंच्या कुटुंबाची ताटातूट झाली. थोरले दोन मुलगे चमकौरच्या लढाईत मारले गेले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग, वय नऊ आणि सातच्या आसपास, आजी माता गुजरी यांच्यासह पकडले गेले. सरहिंदचा मोगल फौजदार वजीर खान याने त्यांना थंड्या बुरुजात कोंडले आणि धर्म बदलण्यास सांगितले. मुलांनी साफ नकार दिला, तेव्हा त्यांना जिवंत भिंतीत चिणण्याचा हुकूम सुटला.

शेर महंमद खान हा मलेरकोटल्याचा अफगाण नवाब. गुरूंच्या विरोधात तो स्वतः लढला होता. शीख परंपरेनुसार त्याचा भाऊ चमकौरच्या लढाईत पडला होता, आणि ‘आता सूड घे’ असे वजीर खानाने त्याला सुचवले. शेर महंमद खानाचे उत्तर असे की, वैर बापाशी आहे आणि ते रणांगणात फेडू. निरपराध लेकरांचा जीव घेणे इस्लामला मंजूर नाही. एवढे बोलून तो दरबारातून उठून गेला. त्याच्या या निषेधाला पंजाबात ‘हा दा नारा’ म्हणतात. ‘हा’ म्हणजे कळवळून निघालेला उद्गार.

त्याच दरबारात मुलांना मारण्याचा आग्रह दिवाण सुच्चानंद याने धरल्याचे परंपरा सांगते. मुलांच्या अंत्यसंस्कारासाठी सोन्याच्या मोहरा अंथरून जागा विकत घेणारा होता टोडरमल. नावावरून माणसाची बाजू ठरवायला निघालो तर सरहिंदचा इतिहास हाती लागतच नाही.

शेर महंमद खानाच्या बोलण्याने मुले वाचली नाहीत. पण शिखांनी ते बोलणे लक्षात ठेवले. या कहाणीचा पुढचा दुवा आपल्या नांदेडला आहे. १७०८ मध्ये गोदावरीकाठी गुरूंना माधोदास बैरागी भेटला आणि तो बंदा सिंग झाला. त्याच वर्षी नांदेडलाच गुरूंचा अंत झाला. बंदा सिंग पंजाबात परतला, १७१० मध्ये चप्परचिरीच्या लढाईत वजीर खान मारला गेला आणि सरहिंद लुटले गेले. शेर महंमद खान त्या लढाईत वजीर खानाच्याच बाजूने लढला आणि कामी आला. तरीही मलेरकोटल्याची राखरांगोळी झाली नाही.

हे संबंध पुढे नेहमी गोडच राहिले, असे मात्र नाही. १८७२ मध्ये नामधारी शिखांनी मलेरकोटल्यावर हल्ला केला आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्यापैकी साठाहून अधिक जणांना तिथेच ठार केले, बहुतेकांना तोफेच्या तोंडी देऊन. एवढे सगळे मध्ये घडूनही जुनी आठवण पुसली गेली नाही.

तिची खरी कसोटी १९४७ मध्ये लागली. पूर्व पंजाबात मुसलमानांची कत्तल चालू होती, गावेच्या गावे रिकामी होत होती. पतियाळा, नाभा या शीख संस्थानांच्या शेजारी वसलेले मलेरकोटला मात्र शांत राहिले. आसपासच्या हजारो मुसलमानांनी तिथे आसरा घेतला. संस्थानाचा बंदोबस्त होता हे खरे. पण तिथले लोक, शीख आणि मुसलमान दोघेही, पहिले कारण ‘हा दा नारा’ हेच सांगतात. आज तिथे याच नावाचा गुरुद्वारा आहे. शहरात मुसलमानांची बहुसंख्या आहे आणि २०२१ मध्ये ईदच्या दिवशी मलेरकोटला पंजाबचा तेविसावा जिल्हा म्हणून जाहीर झाला.

आपल्यातल्या कोणी जुलूम केला की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो: त्याची वकिली करतो किंवा मान खाली घालून गप्प बसतो. शेर महंमद खानाने यातले काहीच केले नाही. समोरची मुले शत्रूची होती, भावाच्या मृत्यूचे दुःख ताजे होते, आणि जुलूम करणारा आपल्याच पक्षाचा, आपल्याच धर्माचा होता. तरी तो तोंडावर बोलला. त्या दिवशी त्याचे कोणी ऐकले नाही. दोनशे बेचाळीस वर्षांनी त्याच शब्दांच्या आधारावर हजारो घरांतले दिवे तेवत राहिले.