आरोग्यसाक्षरता आणि हृदयविकाराचा झटका

आरोग्यविषयक माहिती मिळवून, समजून घेऊन तिच्यानुसार वागण्याची क्षमता म्हणजे आरोग्यसाक्षरता. उदाहरणार्थ, हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेल्या रुग्णाला ॲस्पिरिनसोबत गुठळी रोखणारे दुसरे औषध सहसा १२ महिने देतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ते परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. घरी सोडताना हे रुग्णाला आणि नातेवाइकांना मराठीत नीट समजावणे हा उपचाराचाच भाग होय. पुन्हा छातीत कळ आली, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून वेळ दवडणे घातक. अशा वेळी बोलावण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तंबाखू सोडायला सांगताना, दातांना लावायची मिश्री हीही तंबाखूच, हे विशेषत्वाने सांगावे लागते. आरोग्यसाक्षरता पुस्तकांतूनही वाढते: पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढलेल्या डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने आहार, व्यायाम व ताणतणाव यांची चर्चा मराठी घरांत पोहोचवली.